मानाची नावं लाल शाईनं

३ डिसेंबर २०२४, मंगळवार. कुंडल

शाईपेन रोज चालवलं न्हाई तर निबंखालची जीभ वाळती आन् मग पेन रुसतं. म्हणून मी ही वही लिवती. न्हाईतर माज्या दिसात लिवण्यासारखं काय हाय? म्हैस, चा, सुनंची खोडी, परत चा.

पेन आमच्या सुभेदारांचं. काळं, आट्याच्या टोपणाचं, सुईवाणी बारीक निब. पल्टणीतनं घरला पत्रं ह्याच पेनानं आली. पेन्शनीत आल्यावर माज्या हातात दिलं आन् म्हणले, "रंगू, आता तू लिव, मी बोलतो." माज्यापुढं बोलायचं त्यास्नी शेवटपतुर जमलं न्हाई. अकरा वर्षं झाली त्यास्नी जाऊन. पेन हाय.

आज मातर लिवायला कारण हाय. माज्या नातीचं, शिवांजलीचं लगीन ठरलंय. पोरगा जयराज, घर वाईला. लगीन माघात, पण पौष लागायच्या आत देवाची पत्रिका ज्योतिबाला गेली पायजे, म्हंजी एकोणतीस तारखेच्या रविवारी. त्याच्या आदी मानाची नावं लिवून झाली पायजेत.

गावात कुणाच्याबी घरी लगीन असू दे, पत्रिकेच्या कव्हरावरचं नाव माज्याच हातचं. सातवी शिकलीया, पण आक्षर बघून मास्तर उठून उभं ऱ्हायचं. आमच्यात मानाची नावं लाल शाईनं, बाकीची निळ्या. लाल नाव आलं की माणूस मिशी पिळतो. निळं आलं की लग्नात जेवतो, पण वरीसभर बोलत न्हाई.

एका पेनात दोन शाया म्हंजी एका मांडवात दोन बँडबाजे. गेल्या साली शेजारच्या लग्नात पेन नीट न धुता निळ्यावर लाल भरली आन् सगळा मान जांभळा झाला. नवरीचा मामा कव्हर घिऊन दारात. "रंगूकाकी, आमी नक्की कशात बसतो?" म्या म्हणलं, "वांग्यात."

तवा नातीच्या लग्नाला दुसरं पेन घ्यायचं. लाल शाईला, आन् सुभेदारांच्या पेनाशेजारी शोभंल आसं. सहाशे नावं, सगळी माज्या हातची. मग मी मरायला मोकळी. पण मरणार न्हाई, आदी पतवंड बघणार.

एक गोष्ट. सुपारी फुटली त्या दिवशी इहीण, जयराजची आई शालनबाई, सारा येळ सैपाकघराच्या चौकटीला टेकून उभी. शिवांजलीची ओटी भरायला जावंला पुढं केलं. म्या म्हणलं, "इहीणबाई, चौकट पडंल म्हणून धरून उभ्या हाय व्हय?" हसली न्हाई. तिचा बी मालक तीन वर्षांमागं गेलाय. दुःख हाय, मान्य. पण नाक लय वर दिसतंय बाईचं.

६ डिसेंबर, शुक्रवार

शिवांजलीला घिऊन सांगलीला गेले. पयल्या दुकानात काचंच्या कपाटात सोन्याच्या रंगाचं पेन. हातात घेतलं तर पावशेराचं वजन. म्या इचारलं, "हे लिवायचं का गळ्यात घालायचं?" दुकानदार म्हणला, "आजी, गिफ्टला चालतं." म्हंजी लिवायला चालत न्हाई. दुसऱ्या दुकानात म्हणले शाईपेन कोण वापरतंय आता, हे जेल घ्या. म्या म्हणलं, "जेलात तू जा."

तिसऱ्या ठिकाणी कुणी महेंद्रचा पत्ता दिला. बोळात एका खणाची जागा, एक खराद आन् खाली काळ्या भुश्याचा ढीग. बाप केरू मिस्त्री मशिनीचे भाग घडवायचा, पोरगं त्याच खरादावर कडक रबराची पेनं घडवतंय. कवठे महांकाळचं हाय, चाळिशीचं, चष्मा कपाळावर आन् दुसरा डोळ्यावर.

म्या म्हणलं, "पेन दाखव." त्यो म्हणला, "मावशी, आदी तुमचं दाखवा."

"माजं कशाला? ते इकायचं न्हाई."

"जोड बघायची म्हणताय न्हवं? मग पयल्याचा सभाव कळल्याबिगर दुसरं कसं देऊ?"

भिंग लावून निब बघितली. लय येळ बघितली. मग म्हणला, "ह्या निबंला दोन माणसांनी घासलंय. पयला हात उजवीकडं झुकून लिवणारा, जोर देऊन. त्याच्यावर दुसरा हात, सरळ आन् हलका. कोण व्हतं पयलं?"

म्या पेन त्याच्या हातनं घेतलं आन् पदरानं पुसलं. शिवांजली माज्याकडं बघाय लागली, आज्जीला उत्तर सुचंना म्हंजी डागदर बोलवावा का आसं. मग म्या म्हणलं, "पयलं माणूस पल्टणीतलं. जोर देऊन लिवायचं आन् दबून बोलायचं." महेंद्र हसला.

त्याच्याकडं अगदी सुभेदारांच्यासारखंच काळं, जाड पेन व्हतं. म्या ते धरूनच ठिवलं. त्यो म्हणला, "हे देणार न्हाई. दोन्ही सारखी असली की फसाल. तुमची नजर कव्हरावर, हात पेनाकडं. न बघता हाताला कळलं पायजे की लाल कुठलं आन् निळं कुठलं. म्हणून दुसरं बारीक अंगाचं पायजे. त्याचं टोपण आट्याचं, तर ह्याचं नुस्तं दाबून बसणारं. आन् लाल शाई निळीपरास फिक्की, म्हणून निब जरा रुंद."

मला पटलं. पण पटलं म्हणायचं म्हंजी हरायचं, म्हणून म्हणलं, "बघू. करून ठिव दोन नमुने." आठ दिसांनी बोलावलंय. किंमत हितं लिवत न्हाई. ही वही सुनंला घावली तर?

८ डिसेंबर, रविवार

सकाळी सून वैजंता जवळ आली. आली म्हंजी मागं उभी ऱ्हायली, पदराचं टोक पिळत. मग म्हणली, "आत्या, सहाशे नावं म्हंजी लय. तुमची बोटं दुखत्यात. कांपुटरवर नावं काढून स्टिकर लावू या का?"

म्या म्हणलं, "बोटं कवा दुखली माजी?"

"परवा म्हणला न्हवं..."

"परवा गुडघा म्हणलं. मी काय गुडघ्यानं लिवती?"

गेली. पोरीला माज्या आक्षराचा हेवा हाय, मला ठावं हाय. तिचं आक्षर म्हंजी कोंबडी शाईतनं पळालेली. तिला दाखवायला म्हणून दुपारी सतरा भाकरी मीच थापल्या. घरात माणसं चार. आता दोन दिस शिळी भाकरी आन् ताक.

११ डिसेंबर, बुधवार

दादासोनं, माज्या पोरानं, खरंच स्टिकरांचा नमुना आणला. पांढरा चकचकीत कागद, छापील आक्षरं, एका मापाची, सगळी शिपायावाणी उभी.

"आई, बघ की. छान दिसतंय."

"छान दिसतंय, पण कुणी लिवलंय?"

"कुणी न्हाई. मशीन."

"मग त्याच्या घरला जेवायला मशीन जाणार का?"

माज्याकडं बघंना. वैजंतानं साखर घालायची इसरलेला चा त्यानं सगळा पिला आन् त्याला कळलंबी न्हाई. ऊसाची तोड लांबलीया, त्याचा घोर आसंल बिचाऱ्याला.

एक स्टिकर मी घेतलं. 'श्री. दादासो जोतीराम व परिवार' आसं छापलेलं. म्हशीच्या कपाळावर चिकटवलं. संध्याकाळी म्हैस पाण्यावरनं सगळी आळी फिरून आली, मागं रेडकू. लोकांनी हात जोडून रामराम घातला म्हणे. दादासो चिडला, पण हसला बी. हसला की अगदी बापावाणी दिसतो, खालमानेनं.

१४ डिसेंबर, शनिवार

परत सांगली. महेंद्रनं दोन पेनं करून ठिवली व्हती. एक हिरवं. ते मी उचललंच न्हाई, हिरवा रंग सवाष्णीचा, इनाकारण गावात चर्चा. दुसरं तपकिरी-तांबडं, अंगावर लाकडावाणी नागमोडी पट्टे, करंगळीएवढं बारीक. हातात घेतलं तर हातात काय हाय आसं वाटंचना.

"काय लिवू?"

"जे लय येळा लिवता ते. नाव लिवू नका, नाव लिवताना माणूस ऐटीत असतो."

म्या 'श्री' लिवला. दहा येळा. शाई ओली उतरली, टपोरी, हळदीकुंकवातल्या कुंकवावाणी. त्यो खाली वाकून माजी बोटं बघत व्हता. म्हणला, "वेलांटी वरनं खाली आणताना तुमी दम धरता. थोडं खरखरतंय का तितं?" व्हय, खरखरत व्हतं. मी सांगितलं नसतं, त्याला दिसलं. असा एक माणूस सरकारी हापिसात असता तर!

मग खरी गंमत. पिशवीत कव्हराचा नमुना नेला व्हता, दादासोनं पसंत केलेला, सोनेरी, गुळगुळीत. त्याच्यावर लिवलं तर शाई दवावाणी नुस्ती वर उभी. बोट लागलं आन् श्रीचा गणपती झाला, सोंडंसकट. महेंद्र म्हणला, "पेनाचा दोष न्हाई. ह्या कागदाला तोंडच न्हाई, पिणार कुठनं? खरबरीत कव्हर घ्या."

तितनंच दादासोला फोन लावला. "पत्रिका छापल्या न्हाईत न्हवं? कव्हर बदल. साधं, खरबरीत."

"आई, कव्हराचं काय... लिवायचं कुठं... बघू आपुन."

"बघू काय? बदल!"

"व्हय."

पेन मातर अजून घरी आलं न्हाई. वेलांटीची खरखर काढून देतो म्हणला. शुक्रवारी या म्हणला. जीव तितंच अडकलाय.

१८ डिसेंबर, बुधवार

चार दिस लिवलं न्हाई, पेन रुसलं, कोमट पाण्यात बुडवून काढलं.

आज शिवांजली माज्या मांडीवर डोकं ठिवून रडली. सांगितलं तिनं. वाईवरनं फोन आला व्हता, सुपारीनंतर आठच दिसांत. इहीणबाई म्हणल्या, कव्हरावरची नावं सवाष्णीच्या हातनं पडू द्या. थोरल्या बाईंस्नी सांगू नका, त्यास्नी वाईट वाटंल. म्हणून बोटं दुखत्यात. म्हणून स्टिकर. घरात सगळ्यांस्नी ठावं व्हतं, म्हशीला आन् मला सोडून.

मला काय न्हाई वाटलं.

जेवले. दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी खाल्ली न्हाई, पण ती भाजताना जळली व्हती.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज घरोघर मार्गशीर्षातला गुरुवार. वैजंतानं घट मांडला. मी गोठ्यातच बसले, म्हशीला खरारा केला. दोनदा केला.

शिवांजली आली. "आज्जी, मी जयराजला सांगणार. तू लिवणार नसशील तर मला न्हाई करायचं लगीन."

"थोबाडीत देईन. पोरगा चांगला हाय. त्याच्या आईचं नाक वर हाय म्हणून त्याला का सोडायचं? तुला काय नाकासंगं नांदायचं हाय?"

"मग तू काय करणार?"

"उद्या सांगलीला जाऊन माजं पेन घिऊन येणार. आन् परवा वाईला जाऊन इहिणीला इचारणार, माज्या हाताला काय झालंय ते दाखवा म्हणून."

दादासो दारात उभा राहून ऐकत व्हता. म्हणला, "आई, मी येतो संगं." म्या म्हणलं, "तू नगं. तू आलास की बिनसाखरंचा चा पिशील आन् व्हय व्हय म्हणशील."

२१ डिसेंबर, शनिवार. वाईवरनं आल्यावर

काल पेन आणलं. खरखर गेलीया, लोण्यावाणी चालतंय. शाई भरूनच आणलं.

आज पहाटंची गाडी धरली. कराडला बदलली, साताऱ्याला बदलली. कराडपास्नं वाक्यं जमवत व्हते. एकापरास एक धारदार. साताऱ्याच्या स्टँडवर तर एक आसं सुचलं की शेजारची बाई म्हणली, मावशी, एकट्याच का हसताय?

घर घाटापास्नं आत, स्वच्छ. दार इहीणबाईनंच उघडलं. मला बघून पांढरी झाली. घरात एकटीच व्हती. पाणी दिलं, चा ठिवला, आन् परत जाऊन सैपाकघराच्या चौकटीला उभी. म्या म्हणलं, "बसा की. ह्या घराची चौकट तर मजबूत हाय." बसली, पण टोकावर.

म्या सरळ काढलं. "इहीणबाई, माज्या हातनं लिवलेलं तुमाला चालत न्हाई, आसं कळलं."

तिनं मान खाली घातली. मग म्हणली, "आक्का, तुमच्या हातनं न्हाई चालत आसं न्हाई वो. मला भ्या वाटलं."

"माजं?"

"तुमच्यासाठी."

मग सांगितलं. मालक गेल्यावर सहा म्हैन्यांनी पुतणीचं लगीन व्हतं. हिचं आक्षर चांगलं, शाळंत फळा हीच लिवायची. म्हणून रुखवताच्या ताटावर हिनं नवरा-नवरीची नावं रंगानं लिवली. लगीन झालं आन् पंधरा दिसांत जावई गाडीवरनं पडला, पाय मोडला. तोंडावर कोण काय बोललं न्हाई. पण जावंनं ते ताट परत आणलं आन् हिच्या दारात ठिवून गेली.

"तवापास्नं मी चांगल्या कामाला हात लावत न्हाई आक्का. ओटी बी त्याच्यापायीच भरली न्हाई. तुमी लिवणार कळलं आन् मला झोप लागंना. उद्या पोरांस्नी साधं पडसं झालं तरी कुणीतरी तुमच्या दारात आसं ताट ठिवून जाईल. ते लय वाईट असतंय."

कराडपास्नं जमवलेल्या वाक्यातलं एक बी उरलं न्हाई.

चा थंड झाला. मग म्या इचारलं, "जावयाचा पाय कसा हाय आता?"

"बरा हाय. कबड्डी खेळतोय."

"मग त्यो कुणाच्या हातानं बरा झाला? पाय मोडला त्यो तुमच्या आक्षरानं, आन् जोडला त्यो डागदरानं? आसं कसं? सगळं तुमच्याच नावावर लावा की."

तिनं थंड चाचा कप उचलला आन् परत ठिवला.

"सुभेदार जाऊन अकरा वर्षं झाली. तवापास्नं दीडशे लग्नं लिवली आसतील म्या. एक नवरदेव वरातीत घोड्यावरनं पडला. दोघींना जुळी झाली. एकजण सरपंच झाला. एकीच्या सासूची दाढ दुखायची थांबली. सगळं माज्या हातानं हुतंय म्हणता? मग हितं चा काय पाजताय, देव्हाऱ्यात बसवा मला, नारळ फोडा!"

हसली. आदी तोंडावर पदर घिऊन, मग पदर बी सुटला. हसताना समोरचा एक दात वाकडा दिसतो तिचा, लय गोड दिसती. एवढ्या दिसात मला दिसलाच न्हवता.

म्या पिशवीतनं नवीन पेन काढलं. "लिवून दाखवा. फळा लिवायची म्हणता न्हवं?"

"नगं आक्का."

"लगीन कुठं लिवायला सांगतीया? कालच्या पेपरावर लिवा."

पेन धरलं. हात आसा थरथरत व्हता की म्या खिडकीतनं भाईर बघत बसले, कृष्णाबाईकडं. मागं निब चालल्याचा आवाज आला. बघितलं तर 'श्री'. वाकडा, पण वेलांटी काय डौलाची! आन् ते पेन तिच्या बारीक बोटांत आसं बसलं व्हतं की जणू महेंद्रनं मला न बघता हिलाच बघून घडवलं. जळलं, मला आगच लागली. तीन हेलपाटे माजे, पैसे माजे, आन् शोभतंय तिच्या हातात.

निघताना म्हणलं, "पेन ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. मानाची नावं लाल, ती तुमी लिवा. बाकीची निळी, ती माजी. शनिवारपतुर या. न आलात तर दादासोची स्टिकरं हायतच."

ती येती म्हणली न्हाई, येत न्हाई म्हणली न्हाई. स्टँडपतुर सोडायला आली, गाडी हलंपतुर उभी ऱ्हायली. पेन मातर परत दिलं न्हाई.

२५ डिसेंबर, बुधवार

पत्रिका छापून आल्या. कव्हर खरबरीत, दादासोनं ऐकलं. स्टिकरं बी आली, सहाशे.

वाईवरनं फोन न्हाई. वैजंता म्हणली, "आत्या, माजं चुकलं. तुमाला तवाच सांगायला पायजे व्हतं." म्या म्हणलं, "चुकलं. आता शिक्षा म्हणून रोज माज्यापुढं बसून एक पान लिवायचं. तुजी ती कोंबडी जरा माणसाळू दे." लगेच वही घिऊन आली. बघितलं तर आक्षर तेवढं वाईट न्हाई. हे तिला सांगितलं न्हाई.

निळी नावं सुरू केली असती, पण पयली पत्रिका देवाची. ती लाल. लाल पेन वाईत. सुभेदारांच्या पेनात लाल भरता आली असती. दोनदा धुवायला घेतलं, दोनदा ठिवून दिलं.

२८ डिसेंबर, शनिवार

अकरा वाजले, बारा वाजले. एकाला दादासोनं स्टिकरांचा गठ्ठा गुमान माज्यापुढं ठिवला आन् शेताकडं गेला. दोनला शिवांजलीनं जयराजला फोन लावला तर उचलंना. म्या म्हणलं, "लावू नगं. यायचं त्येनं पायानं यावं, फोननं वढून आणलेलं माणूस टिकत न्हाई." गठ्ठ्याचा दोरा सोडला, बांधला, सोडला.

तीनला गाडी थांबल्याचा आवाज. फोन न उचलणारं पोरगं गाडी चालवत व्हतं, त्यात त्याचा काय दोष? मागनं इहीणबाई उतरल्या. फिक्कट निळं लुगडं, हातात कापडी पिशवी. पिशवीत शंभर पानी वही. सगळी भरलेली. श्री, श्री, श्री, खाली आमच्या सोयऱ्यांची नावं. शिवांजलीनंच चोरून यादी धाडली व्हती म्हणे, माज्या नाकाखालनं! शाई संपली तवा पेन घिऊन वाईत तीन दुकानं फिरली म्हणली.

"आक्का, आजून हात थरथरतोय."

"थरथरू द्या. जयराजचा बी थरथरतोय बघा, सासूरवाडीत चा घेताना."

ओसरीवर चटई टाकली. मधी पाट, पाटावर देवाची पत्रिका. ती म्हणली, "ही तुमी लिवा, थोरल्या तुमी." म्या म्हणलं, "माज्यापाशी लाल पेन न्हाई."

"हे घ्या की."

"ते माजं न्हाई. ज्याच्या हातात वही भरली, त्याचं ते."

वैजंता, शिवांजली, जयराज, सगळी भोवतीनं उभी. दादासो शेतातनं आला तो मळक्या पायांनी तसाच दारात थांबला. इहीणबाईनं टोपण काढलं. दम धरला. 'श्री ज्योतिबा देव' लिवलं. ज्योतिबाचा 'ज्यो' जरा डोंगरावर चढला, 'बा' खाली घसरला.

"दुसरं कव्हर द्या आक्का, हे वाकडं झालं."

"आजिबात न्हाई. देवाला वाचायला काय चष्मा लागतोय?"

मग बसलोच दोघी. ती लाल, मी निळी. चार नावं झाली की तिनं चुकून निळ्याच्या यादीत हात घालायचा, मी तिच्या हातावर पेनाची मागची बाजू मारायची. एकदा म्या म्हणलं, "ह्या माणसाला मान कशाला? ह्यानं माज्या लग्नात मांडवातनं बुंदी चोरली व्हती." ती म्हणली, "तरीबी मामा हाय." आन् त्याचं नाव मुद्दाम मोठं लिवलं. उलट बोलाय लागलीया म्हंजी. आता माजी खैर न्हाई.

दिवेलागणीपतुर मानाची बासष्टच्या बासष्ट झाली. स्टिकरं वैजंतानं पापडाच्या डब्यांना लावायला नेली. एका डब्यावर आता श्री. पोलीसपाटील व परिवार हायत, आत उडदाचे पापड.

२९ डिसेंबर, रविवार

पहाटं ज्योतिबाला गेलो. दादासो, मी, शिवांजली, जयराज आन् इहीणबाई. तिला मोठ्या मिनतवारीनं चढवलं. पायऱ्यांवर गुलालच गुलाल. मी दोनदा बसले, ती दोन्हीदा संगं बसली.

रांगंत ती मागं मागं सरकत व्हती, सवयीनं. मीबी तिच्यासंगं मागं सरकले, मग शिवांजली, मग जयराज. मागची माणसं वरडाय लागली, "आवं पुढं चला की, उलटी रांग कवा झाली?" शेवटी ती हसत हसत पुढं झाली.

दादासोनं पत्रिका गुरवाच्या हातात दिली. म्हातारा गुरव, डोळे बारीक केले, कव्हर लांब धरलं, जवळ धरलं. हल्ली सगळी छापील येत आसतील. म्हणला, "हातानं लिवलंय. कुणी लिवलं?"

दादासोनं माज्याकडं बघितलं. मी शेजारच्या खांबाकडं बघितलं.

इहीणबाईनं पदर खोचला. आन् सगळ्या रांगंला ऐकू जाईल आसं म्हणली, "म्या लिवलंय. नवरदेवाची आई मी."

गुरवानं पत्रिका देवाच्या पायाशी ठिवली, तिच्या कपाळाला गुलाल लावला, आन् तिनं चांगभलं म्हणलं ते आसं मोठ्यांदा, की खालच्या पायऱ्यांवरची कबुतरं उडाली.

येताना गाडीत झोपली ती, माज्या खांद्यावर. लय जड डोकं हाय. पेन मातर मुठीत घट्ट. मी हळूच काढून बघितलं, निघतंय का. न्हाई निघत. बुधवारी परत सांगलीला जायला पायजे, महेंद्रकडं. माजं दुसरं पेन अजून घ्यायचंच हाय.